परतीची तीन घड्याळे

हवाईच्या मोठ्या बेटावर कोना नावाचे किनाऱ्यालगतचे गाव आहे. आयर्नमॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनची जागतिक स्पर्धा तिथे ऑक्टोबरात भरत आली आहे. २०१७ च्या स्पर्धेला तीन दिवस उरले असताना टिम डॉन हा ब्रिटिश खेळाडू सायकलवर अखेरचा सराव करत होता. एका ट्रकची धडक बसून त्याच्या मानेचा दुसरा मणका मोडला. हाच माणूस त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्राझीलमधल्या फ्लोरियानोपोलिस येथे ७ तास ४० मिनिटे २३ सेकंदांत शर्यत पुरी करून आला होता. आयर्नमॅन शर्यतींतली ती तोवरची सर्वांत वेगवान वेळ होती. अपघातानंतर तीन दिवसांनी, प्रत्यक्ष शर्यतीत, मॅट रसेल हा अमेरिकन खेळाडू सायकलवरून वेगात जात असताना हमरस्ता ओलांडणाऱ्या एका गाडीवर आदळला. त्याच्याही मानेला आणि डोक्याला जबर मार लागला.

पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर २०१८ रोजी, दोघेही त्याच गावी त्याच शर्यतीत उतरले. रसेल सहावा आला. डॉन ८ तास ४५ मिनिटे १७ सेकंदांत ३६ वा आला. म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तासाभराहून अधिक उशिरा. दोघांच्याही बाबतीत आपण एकच शब्द वापरतो : पुनरागमन. या एका शब्दात नेमके काय काय भरलेले असते, परतणारा माणूस कुठे परततो, आणि परत आला हे ठरवायचे कोणी, हे प्रश्न या लेखाचे आहेत.

माझी या विषयातली पात्रता आधीच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सांगलीत एका छापखान्याचे हिशेब बावीस वर्षे लिहिले. सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली, विहिरीत शिकलेले पोहणे तलावात जाऊन सुधारले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा भरलेली अर्ध्या पल्ल्याची शर्यत पुरी केली. २०२२ च्या जानेवारीत घाट उतरताना वळणावर पसरलेल्या खडीवरून सायकल घसरली आणि डाव्या पायाची नडगी मोडली. आत सळई बसली. हाड जुळल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘चालता येतंय ना? मग झालं की. या वयात आणखी काय हवं?’’ घरी आल्यावर बायकोने विचारलेला प्रश्न मात्र वेगळा होता. ‘‘अहो, फोटो काढला तो हाडाचा. बाकीचं कोणी तपासलं?’’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचू लागलो. शब्दकोश शेजारी ठेवून मूळ शोधनिबंध वाचायचे, कळले नाही तर पुन्हा वाचायचे, अशी ही स्वतःची शाळा तीन वर्षे चालली आहे. तिच्यातून हाती लागले ते इथे क्रमाने मांडतो.

शर्यत आणि तिचा पल्ला

या शर्यतीचा जन्म एका वादातून झाला. हवाईतल्या ओआहू बेटावर खेळाडूंच्या एका जमावात पोहणारे अधिक दमदार की धावणारे, अशी चर्चा रंगली. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी मध्येच सायकलपटूंचे नाव घेतले आणि बेटावर आधीपासून होणाऱ्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवशी एकापाठोपाठ करून पाहाव्यात, असे सुचवले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले, बारा पोहोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हा पल्ला तेव्हापासून कायम आहे. साधारण नियमाप्रमाणे सतरा तासांत तो पुरा करायचा असतो. गोव्यातली शर्यत याच्या निम्मी, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर.

मराठी माणसाला हा पल्ला आता परका राहिलेला नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत जोडीने पुरी केली. त्याच वर्षी मिलिंद सोमण यांनी झुरिकची आयर्नमॅन पुरी केली, तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. पुणे, कोल्हापूर, नाशिक, सांगली इथे पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या सायकलवाल्यांत चाळिशी-पन्नाशीतले लोक मोठ्या संख्येने असतात. साहजिकच त्यांच्यात पडणारे, मोडणारे आणि पुन्हा उठू पाहणारेही वाढले आहेत. त्यांच्यापुढे बहुधा दोनच सल्ले असतात. एक, ‘आता पुरे’. दुसरा, ‘इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही’. माझ्या वाचनाने मला या दोन्हींपासून सावध केले.

पहिले घड्याळ : रक्त आणि श्वास

शरीर बसून राहिले की सर्वांत आधी काय ढासळते, याचे उत्तर डॅलस शहरात १९६६ मध्ये झालेल्या एका प्रयोगाने दिले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पूर्ण विश्रांती दिली गेली. श्रमाच्या कमाल क्षणी शरीर जितका प्राणवायू वापरू शकते, त्या क्षमतेला दमाची कमाल मर्यादा म्हणू. ती या तरुणांत सुमारे एक चतुर्थांशाने घसरली. पुढच्या दोन महिन्यांच्या सरावाने ती भरून निघाली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या दमाची जितकी हानी केली, तिच्याहून अधिक हानी विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी केली होती. नंतर सहा महिने टप्प्याटप्प्याने व्यायाम केल्यावर पन्नाशीतले हे पाचही जण सरासरीने आपल्या विशीतल्या मूळ पातळीला पोहोचले.

‘या वयात आणखी काय हवं’ या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर मला सापडलेले नाही. आपल्याकडे दुखणेकऱ्याने अंथरूण धरले की घरच्यांना हायसे वाटते. त्या मायेबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की अंथरूण हे औषध असेल तर त्याची मात्रा मोजून घ्यायला हवी.

सरावलेल्या खेळाडूंचे काय होते, हे एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मोजले. सराव थांबवल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत दमाची मर्यादा सुमारे ७ टक्के उतरली आणि बारा आठवड्यांच्या अखेरीस १६ टक्क्यांवर स्थिरावली. सुरुवातीच्या घसरणीचे मुख्य कारण रक्त. विश्रांतीत रक्तातला द्रवभाग कमी होतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलते. म्हणूनच परतताना हेच सर्वांत आधी सुधारते. रक्तातला द्रव वाढायला काही दिवस पुरतात, हृदयाचा ठोका काही आठवड्यांत जुन्या लयीत येतो. हे पहिले घड्याळ जलद चालते, आणि आपण ‘फिट’ झालो की नाही हे बहुतेक लोक याच घड्याळात पाहून ठरवतात.

दुसरे घड्याळ : स्नायू

प्लास्टर काढल्यावर पोटरी काठीसारखी दिसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना स्नायू किती लवकर आटतात हे सांगायला नको. पण स्नायूंना एक प्रकारची आठवण असते. ओस्लो विद्यापीठातल्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रमाने स्नायू वाढतात तेव्हा त्यांच्या तंतूंमध्ये नवी पेशीकेंद्रके दाखल होतात. पुढे स्नायू आटला तरी ही केंद्रके तीन महिन्यांपर्यंत टिकून राहिली. कामगार गावी गेले तरी कारखान्याच्या यंत्रांवर तेलाचा हात राहावा, तसे हे आहे. माणसांच्या बाबतीत हेच घडते की नाही यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण एकदा कमावलेला स्नायू पहिल्यांदा कमावण्यापेक्षा लवकर परत येतो, हा अनुभव तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला विचारावा. माझ्या लहानपणी तालमीत खांदा दुखावलेल्या पैलवानाला घरी पाठवत नसत. लढत बंद, पण बैठका चालू, आणि इतरांच्या कुस्त्या बघत आखाड्याच्या कडेला बसणे सक्तीचे.

हे दुसरे घड्याळ महिन्यांत मोजते. दोन-चार महिन्यांच्या नेमक्या व्यायामाने मांडी-पोटरी बऱ्यापैकी भरते.

तिसरे घड्याळ : हाड आणि कंडरा

मोडलेल्या हाडाभोवती आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा तयार होतो, पुढच्या काही आठवड्यांत तो कठीण होतो. साधारण तीन-चार महिन्यांत नडगीसारखे हाड ‘जुळले’ असे डॉक्टर सांगतात. पूर्वी हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधत, तो काळही याच टप्प्याचा. पण जुळणे आणि घडणे यांत फरक आहे. जुळलेल्या जागी ओबडधोबड हाड असते. ते तासून, पुन्हा रचून मूळ आकाराला आणण्याचे काम पुढे कित्येक महिने, कधी काही वर्षे चालते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते. भार नाही तर रचना नाही. गंमत अशी की या रचनेची पहिली पायरी पाडकामाची असते. जुने हाड आधी खरवडून काढले जाते आणि मग महिन्यांच्या गतीने नवे भरले जाते. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते.

आणखी एक बाब मला फार उपयोगी वाटली. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की हाडाच्या पेशी थोड्याच आघातांनंतर बधिर होतात. त्यानंतर दिलेले आघात त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाहीत. काही तासांच्या विश्रांतीनंतर त्यांचे कान पुन्हा उघडतात. म्हणजे एका दमात तासभर धावण्यापेक्षा सकाळी थोडे आणि संध्याकाळी थोडे, हे हाडाच्या दृष्टीने अधिक फायद्याचे ठरू शकते.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, याहूनही संथ. या संदर्भात डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम विलक्षण आहे. १९५५ ते १९६३ या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकाएकी वाढला आणि मग हळूहळू ओसरला. त्या काळात जगणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात अन्नावाटे तो उतरला. कोणता ऊतक कधी तयार झाला, याची ती जणू तारीखच. या तारखा वाचून संशोधकांनी दाखवले की टाचेमागच्या जाड कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार होतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलत नाही. मी ज्या दोरीवर आज धावतो, तिचा गाभा मी दहावी-बारावीत असताना विणून झाला होता.

मग दुखावलेली कंडरा बरी होते म्हणजे काय होते? खराब झालेला भाग बहुधा पूर्ववत होत नाही. त्याच्या भोवतालचा निरोगी भाग भार घ्यायला शिकतो आणि बळकट होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यासाठी डोनटची उपमा वापरली आहे. आपण मेदूवडा म्हणू : उपचार वड्यावर करायचा, भोकावर नाही. स्वीडनमधल्या उमेओ इथले अस्थितज्ज्ञ होकान आल्फ्रेडसन यांनी हे आपल्या अंगावर अनुभवले. त्यांची स्वतःची टाच दुखत होती आणि तेवढ्या दुखण्यावर शस्त्रक्रिया करायला वरिष्ठांनी नकार दिला. दुखणे वाढले की शस्त्रक्रिया होईल, या हिशेबाने त्यांनी टाच भाराखाली हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम दुखत असतानाच सुरू केला, आणि टाच बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या पंधरा हौशी धावपटूंना बारा आठवडे हाच व्यायाम दिला. रोज दोन वेळा, दोन प्रकारे, प्रत्येकी पंधराचे तीन संच; म्हणजे दिवसाला १८० वेळा. पंधराही जण पुन्हा धावू लागले.

घड्याळांमधले अंतर

आता ही तीन घड्याळे शेजारी ठेवून पाहू. पहिले आठवड्यांत चालते, दुसरे महिन्यांत, तिसरे वर्षांत. परतणाऱ्या खेळाडूचा खरा धोका कुठल्याही एका घड्याळात नसून त्यांच्यामधल्या अंतरात आहे. दम परत येतो, मांड्या भरतात, मन उसळ्या मारते, आणि हाड अजून पाडकामाच्या पायरीवर असते.

ट्रायथलॉनमध्ये हे अंतर आणखी वाढते, कारण हा खेळ तुकड्यातुकड्यांनी परत येऊ देतो. कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भार पडतो, गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे मोडलेला पायही पाण्यात लवकर उतरू शकतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे याचे आपल्या मातीतले सर्वांत मोठे उदाहरण. सैन्यातले हे मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. ते जुन्या खेळात परतले नाहीत. पाण्याने त्यांना नवे गाव दिले.

ट्रायथलॉनवाल्याला मात्र पाण्यातून आणि सायकलवरून शेवटी रस्त्यावरच यायचे असते. पोहून आणि सायकल चालवून तो दम पूर्ण राखतो. पण या दोन्ही प्रकारांत हाडाला आघात मिळत नाही. वर्षानुवर्षे फक्त सायकल चालवणाऱ्या शर्यतपटूंच्या कण्याच्या हाडांची घनता कमी आढळते, ती यामुळेच. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार जमिनीकडून परत येतो, टाचेमागच्या कंडरेवर तर सहा पटींहून जास्त. बेचाळीस किलोमीटरमध्ये अशी पावले चाळीस हजारांच्या आसपास पडतात. राखलेल्या दमाचा माणूस ही पावले टाकू शकतो, आणि तो टाकू शकतो हाच धोका आहे. दमलेला माणूस निदान थांबला तरी असता.

दुखण्याची भाषा

तर मग किती वाढवावे? सगळीकडे सांगितला जाणारा नियम असा की आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे २००८ मध्ये हा नियम तपासला गेला. पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंचे दोन गट केले. एकाला दहा टक्क्यांच्या नियमाने तेरा आठवडे तयार केले, दुसऱ्याला नेहमीच्या आठ आठवड्यांच्या पद्धतीने. दोन्ही गटांत पाचापैकी सुमारे एकाला दुखापत झाली. फरक जवळजवळ शून्य. आकडा सुबक असला म्हणून तो शरीराला मान्य असतो असे नाही.

गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये, म्हणजे पहिल्या आयर्नमॅनच्याच वर्षी, दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणे हे चार उपाय एका सूत्रात बांधले. ते जगभर पाठ झाले. पुढे त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. सूत्र मात्र अजूनही आपल्याकडच्या मैदानांवर चालू आहे.

सूत्रांपेक्षा मला स्वीडिश संशोधक कारिन सिल्बरनागेल यांची २००७ मधली पद्धत पटली. टाचेच्या दुखण्याच्या काही रुग्णांना त्यांनी धावणे-उड्या मारणे बंद करायला लावले, काहींना चालू ठेवू दिले. अट अशी की दुखणे दहापैकी पाचाच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरलेले असावे. चालू ठेवणाऱ्यांचे काही बिघडले नाही. मला यातली ‘दुसऱ्या दिवशी सकाळ’ ही अट सर्वांत मोलाची वाटते. व्यायामाच्या भरात शरीर खरे बोलत नाही, सकाळी बोलते. मात्र ही पद्धत कंडरेच्या दुखण्यासाठी आहे. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर आकडे न लावता डॉक्टरांकडे जावे. कंडरेशी वाटाघाटी करता येतात, भेगाळलेल्या हाडाशी नाही.

परत म्हणजे कुठे?

टिम डॉनपुढे डॉक्टरांनी तीन पर्याय ठेवले होते. मऊ पट्टा, मणके जोडणारी शस्त्रक्रिया, किंवा ‘हेलो’. मणके जोडले तर मान पूर्वीसारखी वळली नसती. म्हणून त्याने सर्वांत त्रासाचा तिसरा पर्याय घेतला. कवटीत चार स्क्रू बसवून त्यांना धातूचे कडे जोडायचे आणि ते कडे दांड्यांनी छातीवरच्या जाकिटाला पक्के करायचे. असे त्याने तीन महिने काढले. जानेवारी २०१८ मध्ये कडे निघाले. एप्रिलमध्ये थंडी, पाऊस आणि वाऱ्याने गाजलेली बोस्टन मॅरेथॉन त्याने २ तास ४९ मिनिटे ४२ सेकंदांत पुरी केली. जूनमध्ये कोस्टा रिकामध्ये अर्ध्या पल्ल्याची शर्यत जिंकली. जुलैत हॅम्बर्गला नववा आला आणि कोनाचे तिकीट मिळाले.

हा क्रम मी घड्याळांच्या नजरेने वाचतो. मॅरेथॉन आणि अर्धा पल्ला इथवर दम आणि स्नायू त्याला घेऊन गेले. साडेआठ तासांच्या दिवशी मात्र तिसरे घड्याळ किती वाजलेत ते सांगू लागते, असे माझे अनुमान आहे. सायकलवर पुढे वाकून, मान उचलून चार-साडेचार तास बसायचे, तेही वर्षापूर्वी मोडलेल्या मणक्यावर. ३६ व्या क्रमांकाला अपयश म्हणणाऱ्याने हे गणित मांडून पाहावे.

क्रीडा फिजिओथेरपीच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बर्नच्या निवेदनात परतीचे तीन टप्पे केले आहेत : सरावात सहभागी होणे, आपल्या खेळात परतणे, आणि पूर्वीच्या किंवा त्याहून वरच्या कामगिरीला पोहोचणे. या वर्गवारीत डॉन दुसऱ्या टप्प्यावर होता, रसेल तिसऱ्या. दोघेही परतलेले, पण वेगळ्या जागी. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या हजारो खेळाडूंच्या अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यांतले ८१ टक्के कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीला पोहोचले, स्पर्धात्मक खेळात ५५ टक्केच परतले. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांचा गुडघा तपासणीत ठणठणीत होता. अडत होती ती भीती. म्हणजे चौथे एक घड्याळ आहे, पण त्याला काटे नाहीत. घाटातल्या त्या वळणावर माझे हात ब्रेकवर आजही आपोआप आवळतात, तेव्हा ते टिकटिकताना ऐकू येते. त्यावर उपाय वाचनात एकच सापडला : हळूहळू, ठरवून, पुन्हा त्याच वळणावर जाणे.

‘आता पुरे’ म्हणणारे डॅलसचे पाच तरुण विसरतात. ‘काहीही अशक्य नाही’ म्हणणारे सतराव्या वर्षी विणून झालेली दोरी विसरतात. या दोन विसरण्यांच्या मधून चालायचे तर परवानगी कोणा एकाकडून मिळणार नाही. एक्स-रे हाडाचे सांगेल, घड्याळ दमाचे, फिजिओथेरपिस्ट दोन्ही पायांतल्या ताकदीचा फरक मोजून देईल. सगळे कागद एकत्र ठेवून शेवटची सही ज्याचे शरीर आहे त्याने आणि जे घर त्याची शुश्रूषा करणार आहे त्याने मिळून करायची.

आमच्या घरी त्यासाठी एक वही आहे. जन्मभर जमा-खर्च लिहिल्यामुळे मला दुसरे साधन सुचले नाही. डाव्या पानावर काल किती पोहलो, किती सायकल चालवली, किती धावलो. उजव्या पानावर आज सकाळी जिना उतरताना नडगी काय म्हणाली. डावे पान मी लिहितो, उजवे पान बायको मला विचारून लिहिते. पूर्ण पल्ल्याच्या शर्यतीचा अर्ज अजून भरलेला नाही. सलग बारा आठवडे उजवे पान कोरे राहिले की भरायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. हा लेख लिहीत असताना सातवा आठवडा चालू आहे.